ताईच्या गाडीचा कार्ब्युरेटर कोणी ठरवला

तुमच्या इंजिनाला कोणता कार्ब्युरेटर चांगला हे ज्याने तुम्हाला सांगितलं, त्याच्या कपाटात तोच कार्ब्युरेटर विकायला ठेवलेला होता का?

घाईने उत्तर देऊ नका. मी हा प्रश्न दोन दुकानांत विचारला. पहिल्या दुकानदाराने आधी हसून घेतलं. दुसरा चिडला. हसणाऱ्याचा संशय मला जास्त आला.

आमच्या घरात असले प्रश्न जुने आहेत. बाबा तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात होते आणि संघटनेची पत्रकं काढण्याचं काम त्यांच्याकडे होतं. माझ्या लहानपणी घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त. छापून आलेले गठ्ठे पलंगाखाली, शिलाई मशिनवर, तांदळाच्या डब्यावर. मी आणि ताई समोरासमोर बसून त्यांच्या घड्या घालायचो आणि नखाने घडीवर रेघ ओढायचो. मी अक्षरं जुळवून वाचलेला पहिला मोठा शब्द 'निषेध' होता. शाळेत बाईंनी शब्द विचारल्यावर मी तोच सांगितला आणि बाईंनी आईला बोलावून घेतलं.

बाबांनी एक रीत शिकवली होती. पत्रक खालून वाचायचं. तळाशी बारीक अक्षरात प्रकाशक कोण, छापलं कुठे, ते आधी बघायचं आणि मगच वर जायचं. कारखान्याच्या मालकांकडूनही पत्रकं यायची, 'कामगारांचे हितचिंतक' अशा सहीची. त्यांच्या तळाशी काहीच नसायचं. बाबा ती पत्रकं उलटीसुलटी करून म्हणायचे, "ज्याला स्वतःचं नाव खाली टाकायची लाज वाटते, तो आपलं हित काय बघणार?"

घरातली दुसरी रीत हात वर करण्याची. काहीही ठरवायचं झालं की बैठक. दिवाळीला मामाकडे जायचं की नाही, टीव्ही कुठे ठेवायचा, मी कुठल्या कॉलेजात जायचं, सगळं बाबा रीतसर मांडायचे, चर्चा व्हायची आणि मग हात वर. चार माणसांच्या घरात बहुमत म्हणजे तीन. दोन-दोन झाले तर चहा व्हायचा आणि पुन्हा चर्चा.

ताईने या घरातून पत्रकं नाही घेतली, गाडी घेतली. बाबांची जुनी शंभर सीसीची टू-स्ट्रोक, जिच्या मागे गठ्ठे बांधून ते गेटवर जायचे. ताई कामोठ्यात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. रविवारी ती गाडी घेऊन शिरढोणच्या पुढे जायची. तिथे कुठल्याशा प्रकल्पासाठी मुरमाचा भराव टाकून ठेवलेला मोठा सपाट तुकडा आहे. प्रकल्प आलाच नाही. जमीन कोणाकडून काय सांगून घेतली हा वेगळा विषय आहे, त्यावर मी वेगळं लिहीन. पण त्या भरावावर आजूबाजूची पोरं मातीतल्या शर्यतीचा सराव करायची आणि त्यांच्यात ताई होती.

त्या वर्षी मातीच्या ट्रॅकवरची शर्यत भरवणाऱ्यांनी जाहीर केलं की टू-स्ट्रोकला हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षीपासून फक्त इंजेक्शनवाल्या नव्या गाड्या. इंजेक्शनमध्ये पेट्रोल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, माणसाला त्यात बोट घालायला जागा नसते. ताईला नवी गाडी घेणं शक्य नव्हतं. म्हणजे तिच्यासाठी हीच एक शर्यत होती.

ती म्हणाली, "मला जिंकायचं नाय. मला शेवटच्या फेरीपर्यंत गाडीवर राहायचंय. मधेच ढकलत बाहेर आणायची नाय."

त्यासाठी कार्ब्युरेटर बदलायचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनात पाठवणारं भांडं. त्याच्या तळाशी मटारच्या दाण्याएवढा पितळी तुकडा असतो, त्याला जेट म्हणतात. त्याला मधोमध बारीक भोक असतं आणि अंगावर नंबर कोरलेला असतो. भोक मोठं तर पेट्रोल जास्त, लहान तर कमी. बाबांच्या गाडीचा मूळ कार्ब्युरेटर बाजारात जायला-यायला ठीक होता, शर्यतीत त्याचा श्वास अपुरा पडत होता. त्याच्या जागी काय बसवायचं, याबद्दल पनवेलमध्ये दोन मतं होती. वाद होता तो स्लाइडचा, म्हणजे मूठ पिळली की वर सरकून हवेला वाट देणाऱ्या तुकड्याचा. एक म्हणे गोल स्लाइडचा घ्या, जुनी पद्धत, भरवशाची. दुसरं म्हणे चपट्या स्लाइडचा, मूठ पिळली की हवा सरळ आत, गाडी झटकन उचलते.

मी मोबाइलवर तुलनेचे व्हिडिओ बघायला बसले. एका व्हिडिओत चपटा जिंकला, दुसऱ्यातही चपटा, तिसऱ्यात तर गोल स्लाइडवाल्याची चेष्टाच. मग मी ते खालून वाचले. व्हिडिओखालच्या मजकुराच्या अगदी तळाशी प्रत्येक ठिकाणी विकत घ्यायची लिंक आणि सवलतीचा कोड होता. मी ताईला दाखवलं.

"मग काय झालं? विकतोय म्हणून वस्तू वाईट असते काय?"

"वस्तू वाईट नसेल. तुलना वाईट आहे."

"तू ना," ताई म्हणाली, "आईने आमटीत मीठ टाकलं तरी विचारशील, यात कोणाचा फायदा."

खांदा कॉलनीत रेसिंगच्या सामानाचं एक चकचकीत दुकान आहे. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर हेल्मेटं. काउंटरच्या मागे तुलनेचा फलक होता: मूळ, गोल, चपटा. प्रत्येकापुढे तारे. चपट्याला पाच.

"हे तारे कोणी दिले?" मी दुकानदाराला विचारलं.

तो हसला तो इथे. "मॅडम, एक्सपिरियन्सने दिलेत."

"कोणाच्या?"

"आमच्याच. बारा महिने हेच करतो ना आम्ही."

"आणि कपाटात चपटेच जास्त दिसतात."

"चांगलं आहे म्हणून ठेवलंय मॅडम. वाईट माल ठेवू का?" मग ताईकडे वळून, "तुम्ही ट्रायल घ्या ना. गाडी आणा. तिन्ही बसवून दाखवतो, टाइम तुमच्या बहिणीने घ्यावा. डेटा खोटं बोलत नाही."

ट्रायल झाली ती भर दुपारी, कॉलनीच्या मागच्या एका रस्त्यावर, जो बांधून झाला होता पण वाहतुकीला उघडला नव्हता. गाडी ताईनेच चालवली. मी मोबाइलवर वेळ घेतली. आधी मूळ कार्ब्युरेटर, मग दुकानदाराच्या कपाटातला गोल, शेवटी चपटा. रस्ता आखूड होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत मोजणं संपायचं. चपटा बसवून ताई सुटली तेव्हा आवाजच बदलला. कोरडा, धारदार. ती थांबली आणि हेल्मेट काढलं तेव्हा तिचा चेहरा मी विसरणार नाही. गठ्ठे वाहणाऱ्या गाडीत हे लपलेलं होतं, असा तो चेहरा होता.

वेळ मीच घेतली होती, त्यामुळे वेळेवर संशय घ्यायला जागा नव्हती. तरी मला काहीतरी टोचत होतं. गोल कार्ब्युरेटरवर गाडी घुसमटत होती, धूर सोडत होती. चपटा बसवताना मात्र दुकानदाराने आत काहीच बघितलं नव्हतं, जणू तो याच गाडीसाठी आधीच तयार करून ठेवला होता. एकाची तयारी झालेली आणि दुसऱ्याला झोपेतून उठवून पळायला लावलेलं. पण हे मला तिथे शब्दांत मांडता आलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी बैठक झाली. बाबांनी विषय मांडला: "गाडीला चपटा कार्बेटर बसवावा. कोणाला बोलायचंय?"

मी बोलले. म्हणाले, ट्रायल दुकानदाराने ठरवली, रस्ता त्याने निवडला, कार्ब्युरेटर त्याचे, हात त्याचे.

"आणि बसलं होतं कोण गाडीवर?" ताई म्हणाली. "मी. मला कळतं ना काय लागलं हाताला."

बाबा म्हणाले, "आक्षेप आहे, पुरावा नाय. हात वर करा."

ताईचा हात. बाबांचा हात. आईचा हात पिठाने भरलेला होता, तो तसाच वर गेला. "मला त्यातलं काय बी कळत नाय," ती म्हणाली, "पण शर्यत तिची हाय ना? मग माझा हात तिच्यासंगती."

तीन विरुद्ध एक. चपटा कार्ब्युरेटर बहुमताने मंजूर झाला आणि दुसऱ्याच सकाळी ताईने तो विकत आणला. इंजिन बहुमताला बांधील नसतं हे त्या घरात कोणाच्या डोक्यात आलं नाही. सगळं आयुष्य हात वर करून ठरवलेल्या माणसांकडून होणारी ही चूक आहे. मला अजूनही ती चूक बऱ्याच शहाणपणांपेक्षा जवळची वाटते.

त्याच दिवशी मी जुन्या पनवेलमध्ये गेले, सगळे ज्यांना चाचा म्हणतात त्या मेकॅनिककडे. चाचा आखातात वीसेक वर्षं काढून आलेले, तिथे वाळूत पळणाऱ्या गाड्यांची इंजिनं बांधायचे, आणि हे ते पहिल्या वाक्यातच सांगतात. "दुबईत शेखच्या गाडीला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती, फक्त माझी," वगैरे. त्यांचं गॅरेज मासळी बाजाराच्या बाजूला आहे आणि ते गोल स्लाइडवाले आहेत.

मी ट्रायलची हकिकत सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "कितना लंबा रस्ता?"

"छोटा. सुटली की लगेच टोक."

"हां. मग जिंकणारच." ते स्टुलावर बसले. "बेटा, पेट्रोल कमी दे, गाडी एकदम चालाक होते. हलकी, तेज. मरायच्या आधी थोडा वेळ. तुझ्या टू-स्ट्रोकमध्ये तेल कशात असतं?"

"पेट्रोलमध्ये मिसळलेलं."

"मग पेट्रोल कमी म्हणजे तेल पण कमी. गरमी जास्त, तेल कमी. पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये चिकटतो. मागचं चाक जाम. पोरगी कुठे जाईल, सांग."

मग त्यांच्यामागच्या कपाटाकडे माझं लक्ष गेलं. गोल स्लाइडचे कार्ब्युरेटर ओळीने.

"तुम्ही पण हेच विकता ना, चाचा?"

ते चिडले ते इथे. "या अल्लाह! माझ्यावर पण शक?"

"हो."

"तुझ्या बापाची मुलगी आहेस." त्यांनी फडकं आपटलं. "बैस. चहा सांगतो. मग शक कर, आरामात."

चहा पिताना मला बाबांच्या संघटनेच्या निवडणुका आठवल्या. तिथे मतमोजणीच्या टेबलावर समोरच्या पॅनेलचा माणूस बसवत. आपली मतं आपण मोजायची नाहीत, ती विरोधकाने मोजायची, आणि त्याची आपण. चांगुलपणावर काही सोडायचं नाही, सगळं संशयावर बांधायचं, म्हणजे सगळं सरळ होतं. मी चाचांना म्हटलं, भरावावर या. तुमचा कार्ब्युरेटर तो दुकानदार उघडेल, त्याचा तुम्ही उघडा. जेटचा नंबर मोठ्याने वाचायचा. मग दोन्ही बसवून लांब पळवू, शर्यतीत लागेल तितकं.

"तो यायचा नाही," चाचा म्हणाले.

मी ही गोष्ट घरी मांडली तेव्हा बाबांचे डोळे चमकले. मोजणीचा मुद्दा त्यांना पटला. ताईने कपाळाला हात लावला, पण 'पिस्टन चिकटतो' हे वाक्य ऐकून तिने मोबाइल हातात घेतला. तिनेच दुकानदाराला फोन केला. "सर, तुमचा डेटा खोटं बोलत नाय ना? मग या रविवारी, सकाळी. नाय आलात तर बसवायच्या आधीच कार्बेटर परत आणून देते."

तो आला. पांढरे बूट घालून मुरमात उतरला. चाचा आले ते स्वतःची पेटी घेऊन. बाबा अध्यक्ष असल्यासारखे मधे उभे. थंडीची सकाळ होती, हवा कोरडी आणि गार. चाचा हवेत हात फिरवून पुटपुटले, "थंड हवेला पेट्रोल आणखी जास्त लागतं. दुपारची सेटिंग सकाळी चालत नाही."

आधी चाचांनी दुकानदाराचा चपटा कार्ब्युरेटर उघडला. खालची वाटी काढली, जेट फिरवून बाहेर घेतलं, नंबर वाचला. मग पुन्हा वाचला, अधिक मोठ्याने. "हा जेट या इंजिनाला? या साइझला? शिलाई मशिनला लाव, जा."

"ती ट्रॅक सेटिंग आहे, चाचा," दुकानदार म्हणाला. "शार्प ठेवतो आम्ही."

"शार्प! तुझी जीभ शार्प आहे."

मग दुकानदाराची पाळी. त्याने चाचांचा गोल कार्ब्युरेटर उघडला, जेट काढलं, नंबर वाचला. नंबर ठीकच दिसत होता. चाचांनी आमच्याकडे विजयाने बघितलं. पण दुकानदार थांबला नाही. त्याने स्वतःच्या पाकिटातून त्याच नंबरचं नवं जेट काढलं आणि दोन्ही शेजारी धरून सूर्याकडे केली.

"मॅडम, बघा जरा. नंबर सेम. भोक सेम आहे का?"

मी बघितलं. चाचांच्या जेटचं भोक मोठं होतं. कोणीतरी दोऱ्याएवढं ड्रिल घालून ते वाढवलं होतं. अंगावर एक नंबर आणि आत दुसरंच माप.

"चाचा?" ताई म्हणाली.

"माझ्या हाताचं काम आहे ते," चाचा दाढी खाजवत म्हणाले. "नंबर लोकांसाठी असतो."

"म्हणजे हे जेट हरवलं तर माणसाने बाजारातून त्याच नंबरचं आणायचं आणि इंजिन घालवायचं?"

"नाही. त्याने माझ्याकडे यायचं."

दुकानदाराला पहिल्यांदा मनापासून हसू आलं. बाबाही हसले, पण त्यांचं हसू मला कडू वाटलं. एकाने कमी पेट्रोलवर चलाखी दाखवून माल खपवला, दुसऱ्याने खोट्या नंबरमागे गिऱ्हाईक बांधून ठेवलं. दोघंही स्वतःला इंजिनाचे हितचिंतक म्हणवत होते.

आधी गोल पळवला. ताई भरावावर फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहिली, मूठ पूर्ण पिळून. थांबल्यावर चाचांनी स्पार्क प्लग काढला. त्याचं टोक कॉफीच्या रंगाचं होतं, म्हणजे पेट्रोल बरोबर. चाचांनी तो सगळ्यांपुढून फिरवला, प्रसादासारखा.

"चालतो," ताई म्हणाली. "थांबत नाय. पण वळणावरून बाहेर पडताना उचलत नाय, चाचा. म्हशीवर बसल्यासारखं वाटतं."

"म्हैस घरी पोचते, बेटा."

मग चपट्याची पाळी आली आणि मी म्हटलं, हे आता करायची गरज नाही. जेट सगळ्यांनी बघितलंय. दुकानदार लगेच म्हणाला, "नाही मॅडम, हे अनफेअर आहे. त्यांचा पळवला, माझा नाही? चाचा घाबरवतायत नुसतं. यांनी स्वतः चालवलाय ना तो, स्वतः आवडलाय."

बाबा गोंधळले. दोन्ही बाजूंना सारखी संधी हे त्यांचं आयुष्यभराचं वाक्य, आणि आता ते त्यांच्याच मुलीच्या जिवावर येत होतं.

"हात वर करायचे नाय आता," ताई म्हणाली. "तुमच्या सगळ्यांची तोंडं ऐकली मी. इंजिनाला विचारते."

चाचा तिच्याजवळ गेले. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "दोन बोटं क्लचवर. कायम. आवाज पातळ झाला की विचार करायचा नाही, दाबायचा."

ती सुटली. तोच कोरडा, धारदार आवाज. पहिली फेरी इतकी सुंदर होती की दुकानदाराने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. पुढच्याही तशाच. माझा सगळा संशय, सगळी पत्रकं, सगळं खालून वाचणं त्या वेळी निरुपयोगी होतं. मी फक्त आवाज ऐकत होते. पलीकडच्या टोकाला सरळ पट्ट्यावर तो आवाज बारीक झाला, कोणीतरी गळा दाबल्यासारखा, आणि बंद पडला.

गाडी घसरली नाही. मागचं चाक फिरत राहिलं. तिने क्लच दाबला होता. गाडी आपोआप हळू होत मुरमात उभी राहिली आणि ताई तिच्यावर तशीच बसून राहिली. आम्ही धावत पोचलो तेव्हा तिची ती दोन बोटं क्लचवर अजून आवळलेली होती. बाबांनी ती एकेक करून सोडवली.

चाचांनी तिथेच सिलिंडर उतरवला. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते, जागोजागी धातू वितळून पसरलेला.

दुकानदार वाकून बघत म्हणाला, "ऑइल कमी मिसळलं असणार."

मला जो राग आला तो मी आजही कमी करून सांगणार नाही. मी पेट्रोलचा कॅन उचलून त्याच्यापुढे धरला. "याच कॅनमधलं पेट्रोल आधीच्या फेऱ्यांना होतं. त्या फेऱ्यांत ऑइल कमी पडलं नाही?"

"रेसिंगमध्ये होतं असं, मॅडम," तो म्हणाला आणि बुटांवरची माती झटकत गाडीकडे गेला.

यापुढचं मला सांगायला अवघड जातं, कारण ते माझ्या रागाला सोयीचं नाही. चाचांनी नवा पिस्टन घातला, सिलिंडर घासून घेतला आणि मग हातात तो चपटा कार्ब्युरेटर घेऊन बराच वेळ बसले. शेवटी त्यांनी त्यात योग्य नंबरचं जेट बसवलं. ड्रिल न मारलेलं, बाजारात कोणालाही मिळेल असं, कारण ताईने ती अटच घातली होती. भरावावर पुन्हा सगळ्या फेऱ्या झाल्या. प्लगचा रंग कॉफीसारखा. आणि वळणावरून गाडी उचलत होती.

"कार्बेटर चांगला आहे," चाचा म्हणाले. हे वाक्य बोलताना त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं. "विकणारा हरामखोर आहे."

म्हणजे त्या फलकावरचे पाच तारे कदाचित खरेही होते. चांगली वस्तू, आणि ती खोट्या तुलनेने विकलेली. खोटं बोलायची गरजच नसताना खोटं बोललं जातं तेव्हा मला जास्त भीती वाटते. लबाडी मग गरजेपोटी केलेली उरत नाही, ती कामाची पद्धत झालेली असते.

शर्यत झाली. ताई चपट्यावर पळाली आणि शेवटच्या फेरीपर्यंत गाडीवर होती. क्रमांक मधला कुठलातरी आला. तो आम्ही कोणी विचारला नाही. शेवटची रेघ ओलांडल्यावर तिने गाडी बंद केली नाही, नुसती चालू ठेवून आवाज ऐकत उभी राहिली. आई म्हणाली, "बंद कर की, कान फुटले." तरी ताई ऐकत राहिली.

काही दिवसांनी खांदा कॉलनीतल्या त्या दुकानावरून जाताना मला नवा फलक दिसला. त्यावर ताईच्या गाडीचा फोटो होता, शर्यतीतला, मुरूम उडवणारा. खाली लिहिलं होतं की आमच्या दुकानातला कार्ब्युरेटर, प्रत्यक्ष शर्यतीत सिद्ध. त्याच आठवड्यात ताईच्या लॅबमधल्या एका सहकाऱ्याने तिथून चपटा घेतला होता. ताईने तो चाचांकडे उघडायला लावला. आत तेच लहान जेट होतं.

ताई घरी आली आणि बैठक वगैरे काही न बोलावता कपाटातून आपला जळलेला पिस्टन काढला. आम्ही दोघी दुकानात गेलो. गर्दी होती. तिने पिस्टन काउंटरच्या काचेवर ठेवला, ओरखडे गिऱ्हाइकांकडे करून.

"हा तुमच्या कार्बेटरचा," ती म्हणाली. "जेट न बदलता चालवलेला. फोटो लावलाय ना माझ्या गाडीचा? त्याच्या बाजूला हा पण ठेवा."

एका मुलाने तो उचलून बघितला. दुसऱ्याने विचारलं, कशाने झालं. दुकानदार म्हणाला, ऑइल कमी पडलं असणार, आणि पिस्टन उचलून काउंटरखाली टाकला. त्याला तेवढंच करावं लागलं.

म्हणून हे लिहिते आहे. पनवेल, कामोठे, उरण, तळोजा, जिथे कुठे तुम्ही टू-स्ट्रोक पळवता किंवा तुमच्या घरातलं कोणी पळवतं, तिथे असा एक तरी पिस्टन पडलेला असणार. तो भंगारात देऊ नका, पेपरवेट करू नका. पुसून पिशवीत घाला आणि ज्या दुकानातून कार्ब्युरेटर घेतला तिथे गिऱ्हाईक असताना जा. तो काचेवर ठेवा, आत कोणत्या नंबरचं जेट निघालं ते मोठ्याने सांगा. दुकान कोणाचंही असो, चाचांचंसुद्धा. एक पिस्टन काउंटरखाली टाकता येतो. तुमचा घेऊन या.